बदली गायिका : ॲनी रॉसचं प्रकरण

1962 साली लॅम्बर्ट, हेंड्रिक्स आणि रॉस या त्रिकुटाच्या 'हाय फ्लाइंग' या रेकॉर्डला ग्रॅमी मिळाली. जॅझ गाणाऱ्या गटांत त्या वेळी त्यांच्या तोडीचं कुणी नव्हतं. त्याच वर्षी युरोपच्या दौऱ्यात तिघांतली तिसरी, ॲनी रॉस, गटातून बाहेर पडली. वय एकतीस. लंडनला थांबली ती थांबलीच. अमेरिकेत मुक्कामाला परत जायला तिला वीसेक वर्षं लागली.

नाव शिखरावर असताना माणूस निघून का जातो? हेरॉइनचं व्यसन, बसमधले न संपणारे दौरे, लेनी ब्रूस या विनोदवीराशी असलेलं वादळी नातं, ही कारणं सगळीकडे लिहिलेली आहेत आणि ती खोटी नाहीत. व्यसनाबद्दल तर ती स्वतःच पुढे मोकळेपणानं बोलली. पण एवढ्यावर प्रकरण बंद केलं तर हाती उरते ती एका बिघडलेल्या कलावंतिणीची नेहमीची गोष्ट. त्या गटात तिच्या गळ्याकडून नेमकं काय काम करून घेतलं जात होतं हे पाहिल्याशिवाय ती कशातून बाहेर पडली ते कळत नाही, असं माझं मत आहे. आणि ते पाहायला गेलं की 1962च्या बरंच मागे जावं लागतं.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. गिरणीत 'बदली कामगार' असायचा ना, हजेरीपटावरचा माणूस आला नाही की त्याच्या मागावर उभा राहणारा? ॲनी रॉस जॅझमधली तशी बदली गायिका होती. कुणाच्याही जागी उभं राहावं आणि मूळ माणसाइतकं, कधी त्याच्याहून सरस काम करून दाखवावं, हे तिचं कसब. अडचण एवढीच की बदलीवाल्याची स्वतःची जागा कुठली, हे कुणी ठरवून दिलेलं नसतं.

फिरत्या बिऱ्हाडातली पोर

जन्म 25 जुलै 1930, लंडनच्या दक्षिणेला मिचम इथं. पण घर पक्कं स्कॉटिश. आई-वडील व्हरायटीच्या रंगमंचावरचे, म्हणजे एकाच तिकिटात गाणं, नाच, नकला, विनोद असं सगळं देणारे. मूळ नाव ॲनाबेल शॉर्ट. मोठा भाऊ पुढे जिमी लोगन या नावानं स्कॉटलंडचा लाडका नट झाला. सगळं कुटुंबच ग्लासगोच्या मेट्रोपोल थिएटरात 'लोगन फॅमिली' म्हणून उभं राहायचं. यातलं 'लोगन' हे नाव मुळात मावशीचं. एला लोगन ही ग्लासगोची गायिका स्कॉटिश लोकगीतं स्विंगच्या झोकात गाऊन अमेरिकेत नाव काढून बसली होती.

ॲनाबेल चार वर्षांची असताना बिऱ्हाड बोटीनं न्यूयॉर्कला गेलं. तिथं बँडवाले पॉल व्हाइटमन यांच्या रेडिओवरच्या मुलांच्या स्पर्धेत पोरीनं बक्षीस मारलं. बक्षीस होतं एमजीएम या चित्रपट कंपनीचं एक छोटंसं कंत्राट. आई-वडील मुलाला घेऊन स्कॉटलंडला परतले आणि पोर मावशीबरोबर लॉस एंजेलिसला गेली. मायलेकींची पुन्हा भेट व्हायला चौदा वर्षं गेली. आपल्याकडे नाटक कंपन्यांत पोरं अशीच ठेवली जायची, मामाकडे नाहीतर मालकाकडे, त्यामुळे हा व्यवहार वाचून मला फार धक्का बसला नाही. पण चौदा हा आकडा मात्र डोक्यातून जाईना.

'अवर गँग' या बालपटांच्या मालिकेतल्या 1938च्या 'फॉलीज'मध्ये तिनं 'लॉख लोमंड' हे जुनं स्कॉटिश गाणं म्हटलं, तेव्हा वय सात. मायदेश सोडून तीन वर्षं झालेली, आणि पडद्यावर काम काय, तर स्कॉटिश पोरगी व्हायचं! पुढे 1943 साली 'प्रेझेंटिंग लिली मार्स'मध्ये ती जूडी गार्लंडची धाकटी बहीण झाली. चौदाव्या वर्षी तिनं लिहिलेल्या 'लेट्स फ्लाय' या गाण्याला एका स्पर्धेत बक्षीस मिळालं आणि ते गीतकार-गायक जॉनी मर्सर यांनी रेकॉर्ड केलं. गाणारी म्हणून तिला सगळे ओळखतात. लिहिणारी ती आधीपासून होती, हे मात्र विसरलं जातं, आणि पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

शाळा अर्धी सोडून, ॲनी रॉस हे नाव घेऊन ती युरोपात आली. पॅरिसमध्ये ड्रमवादक केनी क्लार्क यांच्याबरोबर राहिली. 1950 साली मुलगा झाला, तो वडिलांच्या नातलगांकडे पिट्सबर्गला वाढला. आई-वडिलांनी तिला ठेवलं तसंच तिनं त्याला ठेवलं, असं वाक्य इथं सुचतं. वीस वर्षांच्या एकट्या मुलीबद्दल ते लिहायला हात धजत नाही.

एका रात्रीत लिहिलेलं गाणं

1952 साल. प्रेस्टिज या छोट्या जॅझ कंपनीचे मालक बॉब वाइनस्टॉक यांना बाजारात एक नवी मागणी दिसली होती. किंग प्लेझर या गायकानं जेम्स मूडीच्या सॅक्सोफोन वादनावर शब्द घातलेलं 'मूडीज मूड फॉर लव्ह' गाजत होतं. ही कल्पना मूळची एडी जेफरसन या गायकाची. रेकॉर्डवरचं वाद्याचं एकल वादन घ्यायचं आणि त्यातल्या एकेका सुराला एकेक अक्षर चिकटवायचं. याला व्होकलीज म्हणतात. असं काहीतरी तुला जमेल का, असं वाइनस्टॉकनी ॲनीला विचारलं आणि रेकॉर्डी हातात दिल्या. पैशांची नड होती. दुसऱ्या दिवशी ती गाणं घेऊन हजर.

तिनं निवडली होती वॉर्डेल ग्रे या टेनर सॅक्सोफोनवाल्याची 1949ची रेकॉर्ड, 'ट्विस्टेड'. नावातच तिला विषय सापडला: डोकं फिरलेली बाई. मानसोपचारतज्ज्ञ तिला वेडी ठरवतोय आणि ती मात्र शहाणपणाचे एकापेक्षा एक पुरावे देत सुटली आहे. बाई जितकं पटवून देते तितकी तिच्या वेडाबद्दल आपली खात्री पटते, आणि शेवटी उलट वाटतं, शहाणी हीच. बारा मात्रांचा नव्हे, बारा बारचा (एक बार म्हणजे चार मात्रांचा गट) ब्लूज आहे हा, म्हणजे सांगाडा अगदी साधा. त्याच्यावर वॉर्डेल ग्रेची बोटं धावतात आणि बाईची जीभ त्या बोटांमागे.

हे किती अवघड आहे ते मला एकदा स्वतः खटपट करून कळलं. सतारीच्या एका द्रुत गतीतला दीड मिनिटाचा तुकडा घेतला आणि त्याच्यावर मराठी शब्द बसवायला बसलो. तिसऱ्या आवर्तनाला धाप लागली. सतारवाल्याला श्वास घ्यावा लागत नाही, हे त्याआधी माझ्या लक्षातच आलं नव्हतं! दुसरी पंचाईत भाषेची. जोडाक्षर आलं की लय अडखळते, आणि जिथं सूर उडी मारून वर जातो नेमकं तिथंच आपलं क्रियापद येऊन ठाण मांडतं. दोन संध्याकाळी घालवून कागद फाडला.

संगीत नाटकात हिंदुस्थानी चिजेवर मराठी पद बांधण्याची आपली रीत जुनी, तेव्हा यात नवं काय असं वाटू शकतं. फरक असा की चीज मुळात गळ्यासाठी बांधलेली असते, तिच्यात दम घ्यायच्या जागा असतात. वाद्यावर ऐन वेळी सुचलेलं वादन गळ्याला विचारून सुचलेलं नसतं. विलायत खाँसाहेबांनी गळ्यातलं गाणं सतारीवर आणलं, ते आपण गायकी अंग म्हणून गौरवतो. इथला प्रवास बरोबर उलटा आहे. सॅक्सोफोन निदान फुंकून वाजवायचं वाद्य, त्यामुळे वॉर्डेल ग्रेला दम घ्यावाच लागला होता. ॲनीनं तो जिथं थांबतो तिथं वाक्य तोडलं आणि तो जिथं सूर घासतो तिथं बाईचा तोरा घातला. रेकॉर्ड ऐकताना ग्रेचं मूळ वादन शब्दांसाठीच केलं होतं असं वाटायला लागतं. वॉर्डेल ग्रे 1955 साली गेला. पुढे जोनी मिचेलनं 1974च्या 'कोर्ट अँड स्पार्क'मध्ये हे गाणं घेतलं, बेट मिडलरनंही गायलं, आणि ज्यांनी ग्रेचं नावही ऐकलं नव्हतं त्यांना त्याचा एकेक सूर पाठ झाला.

याच काळात कधीतरी हार्लेम या न्यूयॉर्कमधल्या काळ्यांच्या वस्तीतल्या अपोलो थिएटरात आजारी बिली हॉलिडे या नामवंत जॅझ गायिकेच्या जागी तिला आयत्या वेळी उभं केलं गेलं. बिली तिची मैत्रीण आणि दैवतही. अपोलोचा प्रेक्षक न आवडलेल्याला हुसकावून लावण्यात तरबेज. त्याच्यासमोर बिलीच्या नावावर आलेल्या लोकांना एका तांबड्या केसांच्या गोऱ्या पोरीनं सामोरं जायचं. गेली, आणि निभावलं.

शिकवायला आली, गायला राहिली

आता मुख्य प्रकरण. 1957, न्यूयॉर्क. डेव्ह लॅम्बर्ट हे स्वररचना करणारे गायक, जॉन हेंड्रिक्स हे शब्दांचे जादूगार. दोघांनी घाट घातला होता की काउंट बेसी या जॅझ पियानोवादकाच्या बँडच्या जुन्या रेकॉर्डी सगळ्याच्या सगळ्या, प्रत्येक वाद्यासकट, गळ्यानं गायच्या. एबीसी-पॅरामाउंटचे निर्माते क्रीड टेलर तयार झाले. डझनभर व्यावसायिक कोरस-गायक बोलावले. त्यांना नोटेशन फाडफाड वाचता यायचं, सूर पक्के. पण स्विंग येईना.

स्विंग म्हणजे काय हे लिहून समजावता येत नाही. मात्रेच्या किंचित मागे रेलून चालायचं, पण मागे पडायचं नाही. आपल्याकडे ठेका धरणारे ढोलकीवाले 'वजन' म्हणतात, ते त्याच्या जवळचं. कोरसवाले कागदावर होतं ते आणि तेवढंच गात होते. तेव्हा या मंडळींना बेसीचा झोक शिकवायला म्हणून ॲनीला बोलावलं. म्हणजे इथंही ती आली ती गायिका म्हणून नव्हे. शिकवूनही जमलं नाही. वेळ गेला, पैसे गेले, आणि मग ठरलं की कोरसला नारळ द्यायचा आणि तिघांनीच सगळं गायचं.

गाणारे तीन. बेसींच्या त्या काळच्या बँडमध्ये फुंकायची वाद्यं बारा: चार ट्रम्पेट, तीन ट्रॉम्बोन, पाच सॅक्सोफोन. उपाय एकच, थरावर थर. आधी एक ओळ गायची, मग ती टेप वाजवत तिच्याबरोबर दुसरी गायची, मग त्या दोन्हींबरोबर तिसरी. आज फोनवरही हे फुकट होतं. 1957 साली प्रत्येक नव्या थराबरोबर टेपचा सूं आवाज वाढत जायचा, आणि एखादा थर बिघडला तर मागच्यांसकट कपाळाला हात. साथीला मात्र बेसींच्या बँडचेच लोक: गिटारवर फ्रेडी ग्रीन, बासवर एडी जोन्स, ड्रमवर सनी पेन. पियानोवर खुद्द बेसींच्या जागी नॅट पिअर्स. (बदली! मी मुद्दाम शोधत नव्हतो.)

वाटणी अशी की हेंड्रिक्स शब्द लिहिणार आणि बहुतेक सॅक्सोफोन गाणार, लॅम्बर्ट रचना बसवणार, आणि उंच ट्रम्पेट ॲनीचे. या रेकॉर्डवरचं 'फिएस्टा इन ब्लू' कान देऊन ऐकण्यासारखं आहे. मूळ 1941च्या रेकॉर्डवर बक क्लेटनचं ट्रम्पेट एकटं वरून चालतं आणि खाली बँड. इथं त्या ट्रम्पेटच्या जागी ॲनी. ट्रम्पेटवाला ओठ आवळून जोर लावतो आणि सूर चिरत वर जातो. गळ्यानं तसा जोर लावला की किंचाळी होते. ॲनी जोर लावतच नाही. वरच्या सुरावर ती आवाज पातळ करते, व्यंजन टोकदार उच्चारते, स्वर मात्र लांबवत नाही, आणि कानाला पितळेचा भास होतो. मला हा सगळा नकलेचा भाग वाटतो, अगदी मोठ्या अर्थानं. व्हरायटीवाल्यांच्या घरात नक्कल ही पहिली विद्या. जॅझवर लिहिणारे तिच्या गळ्याच्या पल्ल्याबद्दल भरभरून लिहितात. मला तो पल्ला वडिलांच्या थिएटरातून आलेला दिसतो.

त्याच रेकॉर्डवर 'लिटल पोनी' आहे. बेसींच्या मूळ रेकॉर्डमध्ये त्यातला टेनर सॅक्सोफोन वॉर्डेल ग्रेचा. तो तुकडा हेंड्रिक्सनी गायला आहे, इतक्या वेगात की शब्द कळायला चार वेळा ऐकावं लागतं. 'सिंग अ साँग ऑफ बेसी' या नावानं रेकॉर्ड निघाली आणि तिघांचं नशीब उघडलं. लगेच खुद्द बेसींबरोबर एक रेकॉर्ड, मग कोलंबियासारख्या बड्या कंपनीकडे, 'द हॉटेस्ट न्यू ग्रुप इन जॅझ', ड्यूक एलिंग्टन या जॅझ संगीतकाराच्या गाण्यांची एक, आणि ग्रॅमीवाली 'हाय फ्लाइंग'.

पण एक गोम होती. स्टुडिओत थर चढवता येतात, रंगमंचावर नाही. रोज रात्री तीन गळ्यांनी बारा वाद्यांचा आभास उभा करायचा, तोही बहुतेक रात्री नव्या गावात. वरच्या पट्टीचा भार एकटीवर. पुरुष दोघं एकमेकांच्या ओळी सावरू शकत, ट्रम्पेटला मात्र पर्याय नव्हता. शब्दही मुख्यतः हेंड्रिक्सचेच. 'ट्विस्टेड' लिहिणारी बाई आता बहुतेक वेळ दुसऱ्याचे शब्द, तिसऱ्याच्या वाद्याचे सूर म्हणून गात होती. व्यसनाचं पहिलं कारण हेच होतं असा माझा दावा नाही, त्या पिढीतल्या कितीतरी जॅझवाल्यांना हेरॉइननं खाल्लं. पण 1962 साली ती उतरली ती पाच वर्षं न थांबता धावणाऱ्या गाडीतून, आणि उतरली नसती तर वाचली नसती, असं मला प्रकरण वाचून वाटतं. लंडनला तिनं व्यसन सोडलं.

तिच्या जागी आली सिलोनची योलांड बावन. तिला रॉसच्या सगळ्या ओळी, म्हणजे बक क्लेटनपासून सगळे ट्रम्पेट, शिकाव्या लागल्या. आता बदलीवालीलाच बदली मिळाली! गट आणखी दोन वर्षं चालला आणि 1964 साली थांबला. लॅम्बर्ट 1966 साली हमरस्त्यावर ट्रकच्या धडकेत गेले, त्यामुळे तिघं पुन्हा कधी एकत्र येण्याचा प्रश्नच मिटला.

नंतरची पन्नास वर्षं

हा भाग चरित्रांत घाईनं उरकलेला असतो. घटना म्हणून पाहिल्या तर मीही घाईच करणार आहे. 1963 साली नट शॉन लिंचशी लग्न. 1964 साली लंडनच्या कोव्हेंट गार्डन भागात 'ॲनीज रूम' नावाचा स्वतःचा जॅझ क्लब काढला, तो वर्षभरात बसला. गंमत म्हणजे त्याच वर्षी भाऊ जिमीनं ग्लासगोत स्वतःचं थिएटर विकत घेतलं आणि त्यानंही त्यात हात पोळून घेतले. मालकी हा या घराण्याचा प्रांत नव्हता एवढं खरं. सत्तरच्या दशकात घटस्फोट, दिवाळं, राहतं घर गेलं.

मात्र काम कधी थांबलं नाही. आणि काय काम? 1973चा 'द विकर मॅन' हा स्कॉटलंडच्या एका बेटावर घडणारा चित्रपट घ्या. नायिकेसारखी भूमिका स्वीडनच्या ब्रिट एकलंडची. बेटावरच्या पोरीच्या तोंडी स्वीडिश वळणाचे उच्चार चालेनात, म्हणून तिचे संवाद ॲनीच्या आवाजात भरले. श्रेयनामावलीत नाव नाही. पार्श्वगायनावर पोसलेल्या आपल्या कानांना यात वावगं वाटणार नाही, पण इथं तर पार्श्वगायिकेला गाण्याऐवजी बोलायला बसवलेलं! सात वर्षांची असताना हॉलिवूडमध्ये स्कॉटिश पोरगी झालेली ही बाई त्रेचाळिसाव्या वर्षी पुन्हा स्कॉटिश पोरगीच झाली, फक्त या वेळी चेहरा दुसरीचा.

रंगभूमीवर 'थ्रीपेनी ऑपेरा', पुढे 'पायरेट्स ऑफ पेन्झन्स'. 1983च्या 'सुपरमॅन 3'मध्ये खलनायकाची बहीण. मग अमेरिकेत परत. दिग्दर्शक रॉबर्ट ऑल्टमननी 1993च्या 'शॉर्ट कट्स'मध्ये तिला टेस ट्रेनर ही उतारवयातली बारमधली जॅझ गायिका दिली. चित्रपट रेमंड कार्व्हरच्या कथांवर बेतलेला, पण टेस त्या कथांत नाही. ती चित्रपटासाठीच रचली. म्हणजे साठी ओलांडल्यावर तिला अशी जागा मिळाली जिथं आधी कुणीच उभं नव्हतं. मुलीशी न जुळलेली, स्वतःच्या गाण्यात बुडालेली आई तिनं उभी केली ती बघवत नाही इतकी खरी आहे.

2001 साली ती अमेरिकेची नागरिक झाली. 2010 साली 'जॅझ मास्टर' हा तिथला सर्वांत मोठा सरकारी जॅझ सन्मान मिळाला. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन रूम या छोट्या क्लबात ती वर्षानुवर्षं नेमानं गात राहिली. वरची पट्टी केव्हाच गेली होती. उरला होता खर्जाकडे झुकलेला, खरखरीत, बोलण्याच्या जवळचा आवाज. 'ट्विस्टेड' ती तरीही गायची. ज्या ठिकाणी पूर्वी सॅक्सोफोनमागे पळायची तिथं आता सरळ बोलायची, आणि ते वेडं शहाणपण त्या वयाच्या तोंडी आणखीच शोभायचं.

21 जुलै 2020 रोजी मॅनहॅटनमध्ये ती गेली, नव्वदीला चार दिवस कमी असताना. त्याआधी 2014 साली, वयाच्या चौऱ्याऐंशीच्या आसपास, तिची एक रेकॉर्ड निघाली होती, 'टू लेडी विथ लव्ह'. लेडी म्हणजे बिली हॉलिडे, जिच्या जागी ती एकदा अपोलोत उभी राहिली होती. साथीला बकी पिझारेली आणि त्यांचा मुलगा जॉन. रेकॉर्डभर ट्रम्पेट नाही, सॅक्सोफोन नाही. बापलेकांच्या दोन गिटारी, आणि त्यांच्यामध्ये ती, एकेक शब्द सावकाश ठेवत.